सुनेचं पाणी, गाईचं पाणी

माझा जीव एका गाईपायी जाता जाता राहिला, आणि त्यात गाईचा काडीचाही दोष नव्हता. दोष सगळा माझा. आता ऐंशीच्या घरात आल्यावर कबूल करायला लाज कसली? तेव्हा मात्र लाजेपायीच सगळं रामायण घडलं.

पोलादपुरापासून डोंगर चढत दोन-अडीच तास चाललं की आमची वाडी लागे. पंधरा-वीस घरं, उतारावर नाचणी-वरी, खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं. घरोघरचा एक तरी गडी मुंबईला. माझा नवराही गिरणीत होता. गणपतीला आणि शिमग्याला दासगावच्या बंदरात उतरून चालत यायचा आणि आठ-पंधरा दिवसांत परत जायचा. मी त्याची दुसरी बायको. पहिली पोटुशी असतानाच गेली होती, नववा लागला होता तेव्हा, पोटातल्या जिवासकट. लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी माझ्या गळ्यात तिचा चांदीचा टाक बांधला. आमच्याकडची रीतच ती. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीची प्रतिमा गळ्यात वागवायची, रोज हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं नेसायच्या आधी तिला दाखवायचं, म्हणजे ती रागवत नाही. अंगठ्याच्या नखाएवढा टाक, पण मला तो पाट्यासारखा जड वाटे. जित्या सवतीशी निदान भांडता तरी येतं!

थोरली कशी गेली हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला दर दोन दिवसांनी कुणीतरी सांगून जाई. भरल्या दिवसांची ती भर दुपारी ओढ्यावर गेली आणि तिथल्या जाखिणीने तिला धरलं. घरी आली ती डोकं गच्च धरून. मग डोळे पांढरे, दातखीळ, तोंडाला फेस, हातपाय वाकडे. भगत आणला, नाकाशी मिरच्यांची धुरी दिली. झटक्यावर झटके आले आणि दिवस मावळायच्या आत ती संपली. म्हणून माझ्या वेळी सगळे फार जपून होते. दंडात काळा दोरा, उशाखाली विळा, आणि ओढ्याचं नाव काढायचं नाही.

मला आठवा लागला आणि मी फुगायला लागले. आधी पाय सुजले. जोडवी बोटांत रुतली. मग बांगड्या मनगटावर हलेनात. सकाळी उठलं की डोळ्यांच्या नुसत्या फटी, आणि बोटाने नडगी दाबली तर खळगा पडायचा तो पडूनच राहायचा. सासूबाई कोण खूष! "आमची सून कशी अंगानं भरली हाय बगा," असं पाणवठ्यावर सांगत सुटल्या. मला म्हणायच्या, "थोरली पन अशीच भरली व्हती गो. गोरीपान, तुकतुकीत." हे त्या कौतुकाने सांगत, आणि मीही कौतुकानेच ऐकत होते. एकीच्याही डोक्यात काही शिरलं नाही. टाकाचा दोरा गळ्याला काचू लागला तेव्हा मी तो सैल करून घेतला, एवढंच. डोकं ठणकायचं, मी करवादायचे. पण मी मुळातच तापट, त्यामुळे घरात कुणाला फरक कळला नाही.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खोकला होता. त्याचं औषध महाडच्या एका डॉक्टरांचं. ते मुंबईला शिकून परत गावी आलेले, पन्नाशीचे, बोलायची भारी हौस असलेले. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आजारी माणसं ठेवून घेत. मामंजी औषधाला गेले आणि सून कशी भरली आहे ते तिथेही सांगून बसले. डॉक्टरांच्या हातातली बाटली म्हणे तशीच राहिली. "सकाळी तोंड सुजतं? डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात?" मामंजींना काजव्यांचं काय ठाऊक! पण तोंडाचं आणि डोक्याचं ते हो म्हणाले. डॉक्टरांनी एक धुतलेली रिकामी बाटली दिली, बूच दिलं आणि बजावलं, "सुनेची सकाळची पहिली लघवी यात घालून परवा आणा. हयगय करू नका."

ती बाटली सासूबाईंनी माझ्या हातात ठेवली तेव्हा मी पेटलेच. तो महिना आमच्या घरी देवीच्या पाळीचा. आमच्या वाडीत ग्रामदेवीची पूजा घरोघर पाळीने फिरते, आणि ज्याची पाळी त्या घरच्या कर्त्याने महिनाभर ओल्या पंचाने देवीला पाणी घालायचं, मासळी-मटणाचं वशाट खायचं नाही, विटाळ होऊ द्यायचा नाही. आणि त्या माणसाने माझी लघवी पिशवीत घालून, मोटारीत मांडीवर धरून, महाडच्या भर बाजारातून न्यायची? ज्या सासऱ्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही त्याने? मेले तरी नाही, मी मनाशी म्हटलं. शब्द किती सहज येतात तोंडात!

देवीच्या पूजेला रोज पहाटे गोमूत्र लागे आणि ते धरायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी फटफटताना मी गोठ्यात गेले. तांबडी गाय शहाणी, शेपटी वर करून उभीच राहिली. तांब्यात देवीपुरतं घेतलं आणि उरलेलं डॉक्टरांच्या बाटलीत ओतलं. रंग तोच, पिवळा. वर पवित्र. मामंजींचं सोवळं राहिलं, माझी लाज राहिली, डॉक्टरांना बाटली मिळाली. मी स्वतःवर इतकी खूष झाले की त्या दिवशी डोकंदुखीही विसरले.

पुढचं मामंजींनी सांगितलेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत ते घेतलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं. जरा गढूळ झालं. मग त्यात तेजाबाचे दोन थेंब टाकले, तर ते सोड्याच्या बाटलीसारखं फसफसून वर आलं. डॉक्टरांनी नळीकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं.

"तुमची सून काय खाते हो?"

"काय खानार? भाकर, भात, कुळथाचं पिठलं."

"आणि गवत?"

चरणाऱ्या जनावराचंच पाणी असं फसफसतं, माणसाचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाकावर बसलेली माणसं पोट धरधरून हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, थट्टेची वेळ नाही. उद्याच्या उद्या तिला घेऊन या. चालवत नाही, डोलीतून."

मामंजी संध्याकाळी वर आले. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. सासरा सुनेशी थेट बोलत नसे, तशी पद्धतच नव्हती. ते सरळ गोठ्यापाशी गेले आणि गाईसमोर उभे राहिले.

"तांबडे, तुजं पानी डाक्तराला लय आवाडलं. बाजारभर नाव झालं तुजं."

मी सुपात तोंड खुपसलं.

"आन ज्या बाईचं पानी मागितलं व्हतं," त्यांचा आवाज एकदम उतरला, "तिला मरायचं नसंल तर तिनं सकाळी डोलीत बसावं. पोराचं एक घर मी जाळून आलोय. दुसरं जाळायची ताकद नाय माज्यात."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "का गो असं केलंस?"

"मग काय देवीच्या पाळीत मामंजींच्या हाती ते द्यायचं होतं?"

"देवी बाईच हाय ना? तिनं काय बाईचं मूत कदी बगितलं नाय?"

मी सूप उचललं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या चौघांनी मला डोलीतून पोलादपुरात उतरवलं आणि तिथून सर्व्हिस मोटारीने आम्ही महाडला पोचलो. सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी माझे पाय दाबून पाहिले, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिलं, आणि आडोशाला वाटी देऊन पाठवलं. मी वाटी आणून ठेवली तशी ते म्हणाले, "आता तू इथेच उभी राहा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नाहीतर उद्या शेळीचं आणशील."

नळीत भरलं तेव्हा ते नितळ होतं, फिकट पिवळं, त्यातून खिडकीचे गज दिसत होते. डॉक्टरांनी नळी तिरपी धरून वरचा भाग ज्योतीवर फिरवला. आधी काहीच नाही. मग त्यात एक धुकट रेघ उमटली. रेघेला रेघ लागली. बघता बघता वरचा सगळा भाग पांढराफटक झाला, दाट, गुठळ्यांचा. तेजाबाचे थेंब पडले तरी फसफसलं नाही, विरघळलं नाही, उलट आणखी घट्ट बसलं. मला वाटलं यांनी काही चूर्ण टाकलं असेल. पण मी डोळ्याची पापणी लववली नव्हती.

"हे माझ्यातनं आलं?"

डॉक्टर आत गेले आणि एक कच्चं अंडं घेऊन आले. ते फोडून त्यातला पातळ पांढरा बलक पाण्यात ढवळला. तेही नितळच दिसत होतं. दुसऱ्या नळीत घालून उकळलं. तीच रेघ, तेच धुकं, त्याच गुठळ्या. दोन्ही नळ्या त्यांनी शेजारी शेजारी धरल्या. कुठली माझी आणि कुठली कोंबडीची, मला सांगता येईना.

"अंड्यातल्या या पांढऱ्याचं एकवीस दिवसांत काय होतं?"

"पिल्लू."

"चोच, नख्या, पिसं, काळीज, सगळं या पांढऱ्यातनं आणि पिवळ्यातनं. याच जातीचं द्रव्य तुझ्या रक्तात विरघळलेलं आहे. तुझं मांस, तुझे केस, तुझ्या पोटातलं मूल, सगळं याच जातीचं. ते अंगातून बाहेर जाऊ नये म्हणून मूत्रपिंडात चाळणी असते. तुझी चाळणी गळते आहे. अशी गळत राहिली तर झटके येतील."

आता पुस्तकात त्याला प्रथिनं म्हणतात. तेव्हा डॉक्टर मांसद्रव्य म्हणाले. मला शब्दाशी देणंघेणं नव्हतं. मी त्या नळीकडे बघत राहिले. अठरा-एकोणीस वर्षं या अंगात राहिले, हेच अंग रोज न्हाऊ-माखू घातलं, आणि ते कशाचं केलेलं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भीती तर वाटलीच, खोटं कशाला बोलू? पण भीतीहून मोठं काहीतरी वाटलं. देवीच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा समईच्या उजेडात तिचे डोळे दिसले होते तेव्हा वाटलं होतं, तसं.

सासूबाई मात्र वेगळंच ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "झटकं म्हंजी कसं, दादा?"

डॉक्टर नळ्या पुसता पुसता म्हणाले, "आधी डोकं दुखतं. मग डोळे पांढरे होतात, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो, हातपाय आखडतात."

सासूबाई भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. माझ्या गळ्यातल्या टाकाकडे त्यांनी एकदा बघितलं, ते मी पाहिलं.

मला मागच्या खोलीत ठेवलं. खिडकीला घोंगडी लावून अंधार केलेला, कुशीवर पडून राहायचं, बोलायचं नाही, मीठ बंद, भात बंद, नुसतं दूध, आणि वर पोट साफ व्हायला एक कडूजहर क्षाराचं पाणी. मी बोलायचं नाही! माझ्या माहेरी हे कळलं असतं तर पेढे वाटले असते. रोज सकाळी माझी नळी उकळायची, गुठळ्या खाली बसू द्यायच्या आणि सासूबाईंनी बोटं लावून मोजायचं. पहिल्या दिवशी चार बोटं पांढरं. दुसऱ्या दिवशीही चार. त्या चार बोटांत मी आणि माझं मूल दोघंही होतो, हे आम्हा सासूसुनांना न बोलता कळत होतं. तिसऱ्या दिवशी साडेतीन भरलं तेव्हा सासूबाईंनी नळीलाच बोटं मोडून दृष्ट काढली.

पाचव्या दिवशी मी भातासाठी रडले. अगदी हमसून हमसून. कोकणातल्या माणसाला पाच दिवस भात नाही म्हणजे काय, ते कोकणातल्यालाच कळेल. डॉक्टर म्हणाले, "रडू नकोस, डोक्यात रक्त चढेल. भात खायला नाही, पण बघायला देतो." मला वाटलं हा माणूस जखमेवर मीठ चोळतोय, आणि मीठही बंद असताना!

त्यांनी पेजेच्या वाटीत आयोडीनचा एक थेंब टाकला, जखमेवर लावतात ते तांबूस औषध. पेज काळीनिळी झाली, जांभळासारखी. सासूबाई "अगो बाय!" म्हणून मागे सरकल्या. मग डॉक्टरांनी त्यांना घासभर भात दिला आणि चावत राहायला सांगितलं, गिळायचा नाही. सासूबाई चावत बसल्या, गाल फुगवून, डोळे मोठे करून. मला हसू आवरेना.

"चव कशी लागते?"

"ग्वाड लागाया लागला," त्या तोंड भरलेलंच ठेवून म्हणाल्या.

तो घास वाटीत टाकायला लावला, पाणी घालून थोडा वेळ ठेवला आणि त्यावर आयोडीन टाकलं. काही झालं नाही. थेंब तांबूसच राहिला. निळं नाही की काळं नाही.

"भातातलं पीठ म्हणजे साखरेच्या बारीक बारीक मण्यांची लांबच लांब माळ," डॉक्टर म्हणाले. "माळ होती तोवर निळी झाली. तुमच्या थुंकीने दोरा तोडला, मणी सुटे झाले, म्हणून गोड लागलं. आणि अंड्यातला पांढरा, तोही माळच, फक्त मणी वेगळ्या जातीचे. असं परदेशातले काही शास्त्रज्ञ म्हणतात. काही त्यांना हसतात की इतकी लांब माळ असूच शकत नाही."

सासूबाईंनी बोटाने जीभ चाचपून पाहिली. "माज्या थुकीनं?"

"तुमच्या थुंकीने."

त्या दिवशी त्या कुणावर थुंकल्या नाहीत, आणि मिश्रीही बाहेर ओट्यावर जाऊन मोठ्या अदबीने लावली. मी अंधारात पडून विचार करत राहिले. आम्ही जन्मभर भात चावला, कुणी कधी विचारलं नाही की गोड का होतो. बाई कांडते, पाखडते, शिजवते, आणि पुढचं सगळं काम अंग आपलं आपण करतं, हाक न मारता, न चुकता. मी एवढी भांडखोर, पण माझ्या आत इतकी शहाणी कामं चालली होती. मला माझाच मान वाटला. हसू नका, खरंच वाटला.

मग स्निग्धाची, म्हणजे तेला-तुपाची, पाळी आली. खोबरेल कागदावर पुसून डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला, त्यातून उजेड आला. पाण्याचा डाग वाळतो, तेलाचा वाळत नाही. हे सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी डॉक्टरांना तसं तोऱ्यात सांगितलंही. "पीठ, पांढरं आणि चरबी," डॉक्टर बोटांवर मोजत म्हणाले, "नाचणीचं रोप घ्या, गाय घ्या, राजा घ्या, मुख्य माल हाच. बाकी पाणी आणि मीठ-माती."

"एवढंच?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "चौथं एक आहे. प्रत्येक पेशीच्या आत एक गाभा असतो, त्यात सापडतं. पहिल्यांदा ते जखमेच्या पुवातून वेगळं काढलं."

"शी! आणि ते करतं काय?"

"कुणालाच ठाऊक नाही."

मला फार बरं वाटलं. इतकं सगळं येणारा माणूस नाही म्हणतो याचं बरं वाटलं, आणि माझ्या अंगात असंही काही आहे की ज्याचा पत्ता महाडात, मुंबईत, विलायतेत कुणाला नाही, याचंही. जगात माझ्यापुरती का होईना, देवाने एक पेटी कुलूप लावून ठेवली होती.

तीन आठवडे असे गेले. पांढरं दोन बोटांवर आलं होतं, आणि मग एका सकाळी एकदम पाच भरलं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे नाचत होते, दिवसाउजेडी. डॉक्टरांचं तोंड बघून सासूबाई उठल्या, माझ्या उशाशी बसल्या आणि त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्याच सकाळी कळा सुरू झाल्या. मला तेव्हाचं धड आठवत नाही. एवढंच आठवतं की सासूबाई सारख्या म्हणत होत्या, "डोळं उगड गो, माज्याकडं बग, डोळं पांढरं करू नुको." मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुपारी मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली ती माझ्याच आवाजात. झटका आला नाही.

पोरीच्या अंगाला पांढरी ओशट साय होती. सासूबाई पुसायला लागल्या तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. चरबी आहे. इतके महिने पाण्यात बुडून होती, कातडी भिजू नये म्हणून आतूनच लेप लावून पाठवलंय." सासूबाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी पोरीचं पाऊल उचललं आणि उजेडात धरलं. दुसरं आणि तिसरं बोट एकमेकांना जुळलेलं. त्यांनी आपलं पाऊल पुढे केलं. तिथेही तसंच, जुळलेलं. कितीतरी वर्षांनी माझ्या नातीने कॉलेजचं पुस्तक आणून दाखवलं की आजी, ते चौथं द्रव्य आहे ना, आई-बापाकडून मुलात काय उतरायचं ते त्यातच लिहिलेलं असतं. तेव्हा मला त्या दोन पावलांची आठवण झाली आणि मी पुस्तकाला हात जोडले. नात हसली. हसू दे.

बाळंतपणानंतरही नळी रोज उकळत होती. तीन बोटं, दोन, एक, नुसतं धुकं. नवव्या दिवशी डॉक्टरांनी नळी ज्योतीवर धरली आणि पाणी उकळलं, बुडबुडे आले, आणि ते नितळच राहिलं. खिडकीचे गज त्यातून सरळ दिसत होते. मी रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, "आता भात खा."

सासूबाई हलल्या नाहीत. इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं त्यांनी तेव्हा विचारलं.

"दादा, आमच्या थोरलीचं पानी असं उकळलं असतं तर?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं. सूज, डोकं, ओढा, झटके, मिरच्या. मग सावकाश म्हणाले, "वाचली असती असं छातीठोक सांगत नाही. पण आधी कळलं असतं."

"म्हंजी जाखीन नव्हती?"

"नाही, बाई."

त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या गळ्यातला टाक त्यांनी तळहातावर घेतला, आणि मी समोर बसलेली असून माझ्याशी नाही, त्या चांदीशी बोलल्या. "माजं चुकलं गो बाय. तू फुगत व्हतीस आन मी गावाला सांगत सुटले माजी सून भरली म्हनून. तू मरत व्हतीस आन मी तुज्या नाकाशी मिरच्या जाळल्या. तुजं पानी उकळून बगाया कुनी नव्हतं गो." इतकी वर्षं मी तिला घाबरत होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की ती माझ्याच वयाची एक पोर होती, माझ्यासारखीच सुजलेली, आणि तिचंही डोकं असंच ठणकत असेल. मी टाकावर हात ठेवला, म्हणजे सासूबाईंच्या हातावरच.

निघताना सासूबाईंनी डॉक्टरांकडे काही मागितलं तर काचेची नळी. दोन मिळाल्या, तेजाबाची छोटी बाटलीही मिळाली. पुढे वाडीत आणि आसपासच्या चार वाड्यांत जी बाई पोटुशी राहील तिच्या दारात सासूबाई दर पंधरवड्याला हजर. कुणी लाजली की माझ्याकडे बोट दाखवत, "ही बग, हिनं गाईचं दिलं व्हतं!" आणि सगळी ओसरी हसे. माझी अब्रू या कामी कायमची खर्ची पडली. नळी उकळून नितळ राहिली की त्या घरी येऊन माझ्या टाकाला हळदकुंकू लावत आणि त्या बाईचं नाव सांगत.

पुन्हा देवीची पाळी आमच्याकडे आली त्या साली वरच्या घरच्या सुनेची नळी पांढरी झाली. गडी सगळे मुंबईला. मामंजी ओल्या पंचाने, हातात पाण्याची कळशी, देवळाकडे निघालेले. सासूबाई अंगणात उभ्या, हातात डॉक्टरांना दाखवायला त्या सुनेच्या पाण्याची बूच लावलेली बाटली. मामंजींनी बाटलीकडे बघितलं, कळशी खाली ठेवली, अंगात बंडी चढवली आणि बाटली पिशवीत घालून उतरणीला लागले. देवीला त्या दिवशी पाणी सासूबाईंनी घातलं. बाईमाणसाने पाळीचं पाणी घातल्याचं वाडीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. डोली उचलायला माणसं घेऊन मामंजी दुसऱ्या दिवशी वर आले, आणि वरच्या घरची ती सून अजून आहे. परवाच काठी टेकत येऊन माझ्याकडे भात जेवून गेली.